सव्वाचारचं विमान

२ मार्च १९८६, रविवार. बेंबळी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. डायरी दूध सोसायटीची हाय, चेअरमन तात्यारावांनी सवता दिली. जानेवारीची पानं न्हाईत, त्यांच्या नातवानं फाडून होड्या केल्या. गावात प्यायला पाणी न्हाय आन ह्या पोराला होड्या सुचतात. खानदानी अक्कल.

संकल्प.

एक. खोड्या बंद. लोक येता-जाता मच्छ्या कळलाव्या म्हणतात. एकविसाव्या वर्षी शोभत न्हाय. नाव मच्छिंद्र हाय.

दोन. सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं. जुना सेक्रेटरी पाडव्याला लेकाकडं लातूरला निघालाय. टेबल, खुर्ची, दुधाचं माप, वर पंखा. लाईट नसती, पण पंखा हाय.

तीन. रोज इंग्रजीचे पाच शब्द पाठ. दहावीला इंग्रजीनं मला दोनदा आडवं पाडलं, त्याचा बदला.

आईला सेक्रेटरीचं सांगितलं. ती म्हणली, आदी घागर घेऊन नंबराला जा, टँकर यायलाय. आमच्या आईला, चांगुणाबाईला, भविष्य दिसत न्हाय.

आजचे पाच शब्द : उद्यापासून.

५ मार्च, बुधवार

माजा दोस्त आयुब आन म्या एसटीची पाटी बदलली. धाराशिवची गाडी औशाला लागली आन औशाची धाराशिवला. शेजारच्या मथुराबाई दाताच्या डॉक्टराकडं निघाल्या हुत्या, औशात उतरल्या. तिथंबी दाताचा डॉक्टर हाय. निम्म्या वेळात काम झालं. ह्याला खोडी म्हणता येत न्हाय, ही सेवा हाय. तरी मथुराबाई दारात येऊन म्हणल्या, तुजी खोडी एक दिवस तुज्याच गळ्यात येती का न्हाय बघ. दात नुकताच काढलाय, त्यामुळं अर्धंच कळलं.

संकल्प एक अजून शाबूत.

८ मार्च, शनिवार, दुपारी

लई मोठा दिवस.

सोसायटीच्या ओट्यावर बसलो हुतो. तात्याराव म्हणले, हैदराबादला सहकाराची परिषद हाय चोवीस तारखेला, सोसायटीच्या खर्चानं जायचंय, उमरग्याहून एसटी धरतो. माज्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्या म्हणलं, तात्या, तुमी चेअरमन माणूस, एसटीत कोंबड्याच्या पाटीशेजारी बसून जाणार? विमानानं जावा. ते म्हणले, विमान कुठनं? म्या म्हणलं, मुंबईहून. ते म्हणले, आरं, हैदराबाद उगवतीला आन मुंबई मावळतीला. म्या म्हणलं, तीच तर शान हाय. एवढं उलटं फकस्त मोठा माणूस जाऊ शकतो. आन विमान बेंबळीवरनंच जातं. सगळं गाव तुमाला वर बघंल.

(शेवटचं म्या जाग्यावर बनवलं.)

तात्याराव डोळे मिटून बसले. मला वाटलं झोपले. मग म्हणले, सगळं गाव? म्या म्हणलं, बायकापोरांसकट. त्यांनी एकच डोळा उघडला. म्हणले, मग किती वाजता जातं ते बरोबर काढ मच्छिंद्रा. टाइम चुकला न्हाय तर सेक्रेटरीची जागा तुजी.

मच्छिंद्रा म्हणले. कळलाव्या म्हणले न्हाईत.

साठीला आलेला माणूस म्या मुंबईमार्गे हैदराबादला धाडला. बेंबळीच्या इतिहासात अशी खोडी झाली न्हाय. संकल्प एक हिला लागू न्हाय, ही खोडी सोसायटीच्या कामातली हाय.

आजचे शब्द : सेक्रेटरी. (एकच, पण मोठा हाय.)

९ मार्च, रविवार

नंबराला उभारलो तर सगळ्या रांगेला बातमी कळलेली. लोकांना अंतराचं काय कळत न्हाय. एक जण म्हणला, मुंबईहून हैदराबादला एसटीनं रात्र आन दिवस जातो, विमानाला अर्धा दिवस तरी लागंल. दुसरा म्हणला, मधी सोलापूरला जेवायला थांबत असंल. म्या म्हणलं, विमान थांबत न्हाय, जेवण आतच देतात. मग रांगेतला एक म्हातारा म्हणला, आन लघवीला? म्या म्हणलं, तीबी आतच. म्हातारा लई येळ वर बघत हुता. म्हणला, म्हणून पाऊस पडत न्हाय, ढगच बाटवले.

मथुराबाई म्हणल्या, हैदराबाद तर हे उमरग्याच्या पुढं. हा बाबा उलटा ममईला कशाला? म्या सांगितलं, कारण विमान बेंबळीला थांबत न्हाय. त्यांनी घागर पुढं सरकवली. अडाणी माणसाला लॉजिकनं गप करावं.

अंतर काढायला सुरवात. एसटीच्या हिशेबानं काढलं. गाडी पंधरा तास घेती, त्यात टायर फुटणं, कंडक्टरचा चहा, तुळजापूरला दर्शन. हे सगळं वजा केलं तर सहा तास उरतात. विमान सहा तासांत जातं. पक्कं.

१० मार्च, सोमवार

सहा तास चूक निघाले. आयुब म्हणला, एसटीला रस्ता हाय, विमानाला रस्ताच न्हाय, तर एसटीचा हिशेब कसा चालंल? ते मला ठाऊकच हुतं. त्याची परीक्षा घेत हुतो.

आईच्या वाकळंतला दोरा उसवून शाळेत गेलो. भिंतीवर भारताचा नकाशा हाय, खाली मापाची रेघ. दोरा मुंबईवर धरला, हैदराबादवर ताणला. एसटीला वळण असतंय, फाटा असतोय, दोऱ्याला काय न्हाय. दोरा मापावर धरला. सव्वासहाशे किलोमीटर, थोडं कमीच.

आन काय सांगू, दोरा बरोब्बर बेंबळीवरनं गेला. नकाशात बेंबळी न्हाय, म्या पेनानं ठिपका दिला. ठिपका आदी दिला का दोरा ताणल्यावर, त्याला महत्त्व न्हाय. पण धाराशिव छापील हाय, उस्मानाबाद म्हणून, आन दोरा त्याला चाटूनच गेला. म्हणजे शनिवारी म्या जे थाप म्हणून मारलं ते खरं निघालं. माज्या तोंडातनं खोटं निघतच न्हाय, नुसतं लवकर निघतं.

वाकळ मधनंच उसवली. आईनं वाकळ बघितली, मग मला बघितलं. जेवण उशिरा मिळालं.

१२ मार्च, बुधवार

अल्लाची कृपा म्हणायची. आयुबचे गफारचाचा लग्नाला आलेत. मुंबईत सांताक्रूझला विमानतळाच्या बाहेर चहाच्या गाडीवर असतात. म्या विचारलं, चाचा, हैदराबादचं विमान कधी सुटतं? ते म्हणले, दुपारी साडेतीनला, त्याच्या आदी पायलटच्या ड्रायव्हरला रोज कटिंग देतो की. पोचायला सव्वा तास लागतो म्हणत हुता.

आता गणित. दोरा दुमडला. बेंबळी निम्म्याच्या जरा पुढं येती. सव्वा तासाच्या निम्म्याच्या जरा पुढं म्हणजे पाऊण तासाला जरा कमी. साडेतीनात घाला.

सव्वाचार.

सव्वाचारला तात्याराव बेंबळीच्या डोक्यावर. हे गणित दहावीच्या पेपरात आलं असतं तर आज म्या कलेक्टर असतो.

आयुबची अम्मी हुसेनबी आतनं म्हणल्या, मच्छिंदर बेटा, इतना हिशेब टँकर का करते तो गाँव दुवा देता. म्या हसून सोडून दिलं. आयुबनं सोडलं न्हाय. घरी जाताना म्हणला, अम्मी बराबर बोली.

१५ मार्च, शनिवार

तात्यारावांना टाइम सांगितला. लई खूश. पाठीवर थाप मारली. मग बारीक बारीक विचारत बसले. विमान गावातनं दिसंल का माळावरनं? म्या म्हणलं, गावात झाडं-घरं आडवी, खंडोबाच्या माळावरनं चांगलं दिसंल. ते म्हणले, मग माळावरच जायला पायजे सगळ्यांनी. घरी कोण ठेवू नको. माळावरनं ओढ्याकडचं दिसतं का? म्या म्हणलं, ओढा पलीकडच्या अंगाला, खाली, मधी टेकाड. तिथं काय हाय, तुमचा द्राक्षाचा मांडव. विमान तिकडं न्हाय येणार.

ते म्हणले, बरोबर हाय.

किती वेळ थांबायचं तेबी विचारलं. म्हणले, लोकांना तीन वाजताच वर न्ये, साडेपाचपर्यंत खाली सोडू नको, भाषण ठेव. विमान गेल्यावर भाषण कशाला, म्या म्हणलं. ते म्हणले, सहकार हाय बाबा, भाषणाशिवाय काय खरं नसतं.

टँकरचंबी तेच बघतात. म्हणले, विमानाच्या दिवशी, तेवीसच्या रविवारी, टँकर ठेवत न्हाय, सोमवारी येईल, कुणाचा नंबर बुडायला नको. मोठा माणूस, पण गरिबाच्या घागरीपर्यंत इचार करतो. उगं न्हाय चेअरमन झाले.

शब्द : प्लॅनिंग.

१८ मार्च, मंगळवार

स्वागताची रॉकेटं आणायला आयुब आन म्या तेरखेड्याला गेलो. फटाक्याचा दारूवाला म्हणला, लग्न कुणाचं? म्या म्हणलं, चेअरमन डोक्यावरनं जाणारायत. तो म्हणला, मेले का? त्याला समजावून सांगेपर्यंत एसटी चुकली.

तो म्हणला, कोरड्यात ठेवा, दारूला ओल लागली की संपलं. आमी दोघं लई हसलो. म्या म्हणलं, मामा, बेंबळीत ओल दाखव आन रॉकेटं फुकट घेऊन जा.

येताना आयुब म्हणला, तात्याराव विमानातनं आपल्याला दिसणार कसे? म्या म्हणलं, खिडकीतनं रुमाल हलवणारायत, पांढरा. आयुब म्हणला, खिडकी उघडती व्हय? म्या म्हणलं, चेअरमन असला की उघडतात.

२१ मार्च, शुक्रवार

तात्याराव मुंबईला निघाले. हार, तुरा, बँडातला एक माणूस. त्यांच्या भाच्यानं, उत्रेश्वरनं, जीप काढली. सोलापूरपर्यंत जीप, पुढं रेल्वे. उत्रेश्वर माज्याच वर्गात हुता, त्याला तर गणितानंबी आडवं पाडलं हुतं. आता जीप हाकतो. बिचारा.

जीपमधनं तात्याराव म्हणले, सव्वाचार, मच्छिंद्रा. म्या म्हणलं, रुमाल, तात्या.

जीपमधी बॅग दिसली न्हाय. मोठी माणसं हलकं फिरतात.

२२ मार्च, शनिवार

गावभर सांगून आलो. घरटी सांगितलं, कुलूप लावून या. मास्तर पोरं रांगेत आणणारायत. भजनी मंडळ टाळ घेऊन येतंय.

फकस्त आई येत न्हाय. म्हणली, मला काय करायचंय त्या इमानाचं. मान वर केल्यावर कमर धरती. म्या म्हणलं, आई, माज्या नोकरीचा सवाल हाय, सेक्रेटरीची आईच न्हाय म्हणल्यावर बरं दिसतं का? ती म्हणली, विमान तुज्यासाठी थांबतंय का माज्यासाठी? न्हाय ना? मग जाऊ दे त्याला. हुसेनबीपण राहणारायत, त्यांचे गुडघे दुखतात. दोघी मिळून वाकळ शिवणारायत. मधनं उसवलेली.

दोन म्हाताऱ्या कमी. चालंल.

२३ मार्च, रविवार, दुपारी तीन

खंडोबाच्या माळावरनं लिहितोय. पाचशे माणूस. ऊन मरणाचं, सावलीला एक बाभळ, तिच्याखाली मास्तर. रॉकेटं ओळीनं रोवली. मनगटावर जुन्या सेक्रेटरीचं घड्याळ, उसनं.

लोक मला विचारायलेत, मच्छिंद्र, आता विमान कुठं असंल? म्या म्हणतो, अजून उभं हाय. सगळे मान हलवतात. हे सुख टेबलखुर्चीत काय, पंख्यातबी न्हाय.

सांजच्याला

आलं.

चार वाजून तेरा मिनिटांनी आलं. मावळतीकडनं एक चांदीचा ठिपका, मागं बारीक आवाज, आन बरोब्बर डोक्यावर. गणित म्हणजे गणित. रॉकेटं उडाली, टाळ वाजले, पोरं बोंबलली, म्या रुमाल हलवला. दोन मिनिटांत ठिपका उगवतीला गेला.

नंबरातला म्हातारा म्हणला, एवढंसं? मथुराबाई म्हणल्या, ह्याच्यापेक्षा आमच्या गोठ्यातली गोमाशी मोठी हाय. कुणाला रुमाल दिसला न्हाय. म्या सांगितलं, दिसला, पांढरा, तिसऱ्या खिडकीतनं. मग चार-पाच जणांना दिसला. मग सगळ्यांना दिसला.

पाणी कुणी आणलं नव्हतं. लोकांना खाली जायचं हुतं, पण साडेपाचपर्यंत धरायचं हुतं. म्या 'सहकार आणि विमान' ह्यावर बोललो. दोघांना चक्कर आली. भाषणाचा परिणाम.

चार रॉकेटं उरली. पेटीत ठेवली. सेक्रेटरी झाल्यावर उडवू.

२३ मार्च, रात्री

काहीतरी घोळ झालाय. गावात येऊन बघतो तर आमच्या दारासमोर रस्ता ओला. आमचा पिंप भरलेला. हुसेनबींचाबी भरलेला. बाकी गाव कोरडं.

आई म्हणली, टँकर आला हुता, चारच्या सुमाराला. सरळ पुढं निघाला हुता, हुसेनबी आन म्या रस्त्यात आडव्या उभारलो. डायवर गुंडाप्पा म्हणला, म्हाताऱ्यांनो, दोन पिंप घ्या आन गप बसा, तुमी मला बघितलं न्हाय, म्या तुमाला बघितलं न्हाय. मग ओढ्याकडं गेला. तासाभरानं मोकळा आला.

म्या म्हणलं, ओढ्याकडं कशाला जाईल, तिकडं कुणाचं घर न्हाय. आई म्हणली, घर न्हाय, मांडव हाय.

आईला ऊन लागलंय. घरात बसूनबी लागतं.

२४ मार्च, सोमवार

टँकर आला न्हाय. उत्रेश्वर म्हणला, ह्या खेपेचं पाणी काल येऊन गेलं, आता बुधवारी.

सगळा गाव आमच्या दारात. रस्ता वाळलाय पण चाकाच्या खुणा हाईत, आन पिंप काय लपवायची वस्तू न्हाय. लोक म्हणले, आता कळलं विमान कशाला दाखवलं. गाव माळावर चढवला आन आईचा पिंप भरून घेतला. ही मच्छ्याचीच करामत. म्या म्हणलं, आईशप्पथ म्या न्हाय. मथुराबाई म्हणल्या, माज्या दाताच्या वेळंलाबी आईचीच शप्पथ हुती.

आयुष्यात पयल्यांदा खोडी केली न्हाय आन पयल्यांदाच गावाला खात्री पटली.

आई सांगायला गेली की टँकर ओढ्याकडं गेला. म्या तिला आत ओढलं. उगं चेअरमनचं नाव निघालं तर पाडव्याला माजी सेक्रेटरीची ऑर्डर कोण काढंल? तात्याराव आले की सगळा उलगडा करतील. तेवढा भला माणूस हाय.

२५ मार्च, मंगळवार. शिमगा

तात्याराव आले. हैदराबादची बिस्किटं वाटली. म्हणले, वरनं सगळं बघितलं, माळ बघितला, रॉकेटं बघितली, मच्छिंद्राचा रुमाल वळखला. माजी छाती भरून आली.

त्यांच्या चपला चिखलानं भरल्या हुत्या. ओल्या. हैदराबादला पाऊस लागला असंल. मथुराबाई एकटक चपलांकडं बघत हुत्या. मोठ्यानं म्हणल्या, हैदराबादची माती आपल्यावानीच काळी असती का हो चेअरमन? तात्यारावांनी त्यांना दोन बिस्किटं जास्त दिली.

मग मला बाजूला घेतलं. म्हणले, लोक तापलेत, मच्छिंद्रा. आज शिमगा हाय. शिमग्याला थट्टेचं वाईट कोण मानत न्हाय. होळीपुढं हसत सांगून टाक, थट्टा केली, टँकर म्याच बोलवला. लोक हसतील, विषय संपंल. जागा माज्या हातात हाय. म्या विचारलं, पण तात्या, टँकर बोलवला कुणी? ते म्हणले, सेक्रेटरी माणूस असले प्रश्न विचारत न्हाय.

लॉजिक हाय.

होळीपुढं उभारलो आन हसत सांगितलं. कुणी हसलं न्हाय. मग म्हाताऱ्यानं तोंडावर हात नेला आन माज्या नावानं बोंब मारली. मग रांगेनं सगळ्यांनी. बायकांनीबी. शिमग्याला बोंब मारायचीच असती, पण दर वर्षी नावं फिरती असतात. औंदा होळी इझंपर्यंत एकच नाव.

आदी वाटलं, मान हाय. आई मधनंच उठून घरी गेली तवा जरा शंका आली.

२८ मार्च, शुक्रवार

टँकरच्या नंबरात आईची घागर शेवटाला ढकलली. ती पुढं ठेवती, लोक मागं सरकवतात, पायानं. तिचा नंबर येईपर्यंत पाइपातनं हवा येती. हुसेनबींचीबी तीच गत.

आयुब भेटला. म्हणला, तू खोटं कबूल का केलंस? म्या म्हणलं, राजकारण हाय, तुला कळायचं न्हाय, पाडव्यापर्यंत कळ काढ. तो म्हणला, तुज्या खुर्चीसाठी माज्या अम्मीला चोर केलंस. रस्त्यात आडवी उभारली म्हणून दोन पिंप तरी गावात राहिले. आन वळून गेला.

आयुब तापट हाय. सेक्रेटरी झालो की त्याला मापाडी करतो.

२ एप्रिल, बुधवार

आई दोन कोस चालून पाणी आणती. शेजारच्या गावच्या एका मळ्यातल्या विहिरीवरनं, तळाचं, गढूळ. म्या म्हणलं म्या जातो. ती म्हणली, तू नगं, तुला बघितल्यावर तेबी झाकण घालतील.

आठ दिवस हाईत पाडव्याला. टेबलाला खण किती हाईत ते बघून आलो. दोन. एकाला कुलूप.

१० एप्रिल, गुरुवार. पाडवा

धुतलेला शर्ट घालून सोसायटीत गेलो. ऑर्डर निघाली. उत्रेश्वरची.

आत जाऊन म्या म्हणलं, तात्या, टाइम चुकला न्हाय. सव्वाचार म्हणलं हुतं, दोन मिनिटं आदीच आलं. ते म्हणले, न्हाय चुकला. लई बरोबर काढलास. पण मच्छिंद्रा, तू चारचौघांत कबूल केलंस, सगळ्या गावाचं पाणी थट्टेत घालवलं म्हणून. अशा माणसाच्या हातात दुधाचं माप दिलं तर गाव मला काय म्हणंल? म्या काय बोलणार. सहकारात गावाचं ऐकावं लागतं.

म्या म्हणलं, खरं सांगतो मग, टँकर ओढ्याकडं गेला म्हणून. ते हसले. म्हणले, सांग की. तुजं कोण ऐकंल?

ह्यात एक बघण्यासारखं हाय. त्यांनी न्हाय म्हणलं न्हाय.

बाहेर निघताना हाक मारली. म्हणले, रिकामा फिरू नको. मांडवात द्राक्षं पिकलीत, पाखरं लई पडतात. हाकायला माणूस पायजे. गोफण तिथंच हाय.

विचार करून सांगतो म्हणलं. विचार ओट्याच्या पायरीवर केला. पायरी उतरायच्या आत व्हय म्हणलं.

१६ एप्रिल, बुधवार

मांडवात माचाणावर बसून लिहितोय. खाली हिरवंगार. पायाखाली जमीन गार लागती, बोट रुततं. सगळ्या शिवारात एवढीच ओली.

काल जाताना दोन घागरी भरून न्हेल्या, चोरून. वाटलं आई फेकून देईल. ती म्हणली, फेकायची कशाला, गावाचंच पाणी हाय. एक ठेवून घेतली, एक हुसेनबीकडं धाडली. म्हणली, उद्या मथुराबाईलाबी आण, पण तू आणलंय म्हणून सांगू नको.

सव्वाचारला विमान गेलं. रोज जातं. रोज त्याच टाइमाला, त्याच ठिपक्यावरनं. गावातलं कुणी वर बघत न्हाय, सगळे खाली नंबराला हाईत. म्या एकटाच उभारलो, रुमाल काढला, परत खिशात ठेवला.

पाखरं आज फार हाईत, गोफणीला दाद देईनात. शेवटी उरलेली चार रॉकेटं काढली. आठवडाभर पेटी हितंच माचाणाखाली हुती. एक लावलं, फुस्स झालं. दुसरं लावलं, नुसता धूर. चारीच्या चारी गेली. दारूला ओल लागलीय.

पाखरं परत बसली.